केबिन नसलेली क्रेन

माझी मान कायम खाली असते. शरमेने नव्हे, धंद्याने. बंदरावर जहाजातून कंटेनर उचलणारी जी उंच क्रेन असते, तिच्या केबिनला तळाला काच असते. ऑपरेटर त्या काचेतून, आपल्या दोन पायांच्या मधून, खाली बघत बसतो. खाली जहाज, जहाजात कंटेनर, कंटेनरच्या चार कोपऱ्यांना चार भोकं. वरून सोडलेला लोखंडी सांगाडा त्या भोकांत बसवायचा, लॉक लागले की उचलायचं, ट्रेलरवर ठेवायचं आणि परत जहाजाकडे. निम्मी पाळी मी, निम्मी माझा जोडीदार. पंचवीसेक वर्षं हे केलं. आता लग्नाकार्यात लोक बोलायला आले की मी त्यांच्या चपलांशी बोलतो, असं बायको म्हणते. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, त्या एकदा बंद झाल्या. मी खुशीने डॉक्टरला सांगायला गेलो. तो म्हणाला, बरं नाही झालं, बधिर झालंय. ठीक आहे म्हटलं. दुखत तर नव्हतं.

उरणच्या बाजूला आमची भातशेती होती आणि एक मिठागर होतं. बंदर वाढलं तेव्हा दोन्ही गेलं आणि त्याबदल्यात घरटी एक नोकरी आली. ती मला लागली. तेव्हापासून घरात न बोलता एक गोष्ट ठरून गेली, की ही खुर्ची माझ्यानंतर मुलाची. कुठल्या कागदावर तसं नव्हतं. पण आमच्याकडे बापाचं मिठागर मुलाकडे जातं, बापाचा ट्रेलर मुलाकडे जातो, मग बापाची क्रेन का नाही, असं आमचं गणित. मुलगा आयटीआय झाला, इलेक्ट्रिशियन. मग पनवेलला जाऊन क्रेनचा कोर्स केला. मुलाखतीला बरे दिसावेत म्हणून आईने त्याला काळे, नाडीचे, चामड्याचे बूट घेऊन दिले. दोन-चार मुलाखती झाल्या. बूट परत खोक्यात गेले. आमच्याकडची हवा खारी आणि दमट, चामड्याला बुरशी धरते. म्हणून ती ते खोकं अधूनमधून उघडायची, बूट पुसायची आणि परत कपाटावर ठेवायची. मुलगा तोवर गावातल्या जळलेल्या पंपांची वायंडिंग करून द्यायचा. हात चांगला होता त्याचा. पण पंप काही रोज जळत नाहीत.

या क्रेन चीनहून येतात. सुट्या नाही, जहाजावर उभ्याच्या उभ्या. लांबून समुद्रात त्या दिसायला लागल्या की गावातले लोक गच्चीवर जातात. त्या उतरवून, तपासून, चालू करून द्यायला तिकडचे फिटर येतात आणि काही महिने राहतात. पहिल्यांदा ते आले तेव्हा एजंटने आमचा वरचा मजला भाड्याने घेतला. मुलगा तेव्हा शाळेत होता. सगळी विशी-पंचविशीतली पोरं. वर पाय ठेवायला जागा नाही, गाद्याच गाद्या. जिन्यात चपलांचा ढीग. गच्चीवरची दोरी निळ्या कपड्यांनी भरून पार वाकलेली. संध्याकाळी पत्ते आणि आरडाओरडा. बायको वैतागून म्हणाली, "ही काय कामाला आलीत का वरातीला?"

त्यांचा एक मोठा होता, तेव्हा चाळिशीच्या आसपासचा. पोरं त्याला शिफू म्हणायची. शिफू म्हणजे उस्ताद, मिस्त्री, असंच काहीतरी. मग आम्हीही शिफूच म्हणू लागलो. दिवसभर तो पोरांवर ओरडायचा आणि पोरं त्याच्यामागे खिदळायची. मला तो शिष्ट वाटायचा. एकदा बायको मागच्या पडवीत निवट्या साफ करत बसली होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. मुंबईची माणसं त्याला बघून नाक मुरडतात. शिफूने जिन्यावरून पाहिलं, धावत खाली आला, उकिडवा बसला आणि बाह्या वर करून निवट्या साफ करायलाच लागला. त्याचं गाव शांघायच्या पुढे, मोठ्या नदीच्या मुखाशी. तिथेही असाच चिखल आणि याच निवट्या. हे त्याने चिखलाच्या बोटाने फरशीवर चित्र काढून सांगितलं. त्या दिवसापासून निवट्यांच्या कालवणाचा एक टोप वर जायला लागला.

पुढच्या खेपेला पोरं कमी होती. दोरी वाकली नाही. मध्ये काही वर्षं त्यांना व्हिसाच मिळत नव्हता, क्रेनही आल्या नाहीत. मग अलीकडे पुन्हा आल्या आणि शिफू पुन्हा आमच्या वरच्या मजल्यावर आला. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी. बरोबरचे दोघे-तिघेही पोक्तच. त्यातल्या एकाने मला मिठी मारली आणि मी ओळखलंच नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांत दंगेखोर होता तो. आता टक्कल पडलं होतं. त्यांचे कपडे दोरीच्या एका कोपऱ्यात मावले. बायकोने खालून वर बघितलं आणि म्हणाली, "यांची पोरं कुठं गेली?"

तेच मी जेवताना शिफूला विचारलं. आता त्याच्या फोनमध्ये भाषांतर होत होतं. तो चिनीत बोलायचा आणि फोनमधली बाई हिंदीत सांगायची. आवाजात चढ नाही की उतार नाही. रेल्वे स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर येणार ते सांगतात, तसा. त्या आवाजात मी त्याच्या घरची हकिगत ऐकली.

तो लहान असताना घरात भावंडांची रेलचेल होती. मग सरकारने एकच मूल असा नियम केला. भावंडांना प्रत्येकी एक झालं, त्यालाही एकच, मुलगी. गावातल्या शाळेत पोरं कमी कमी होत गेली आणि शेवटी शाळा बंद पडली. आता तिथे म्हातारी माणसं ठेवतात, बाकांच्या जागी खाटा आहेत. त्याची आई तिथेच असते. ज्या वर्गात तो शिकला त्याच्या शेजारच्या वर्गात तिची खाट आहे. क्रेन बनवतात त्या कारखान्यावर पूर्वी नव्या वर्षाची सुट्टी संपली की लांबलांबच्या खेड्यांतून पोरं यायची, फाटकाबाहेर रांग लागायची, निवडून घ्यायचे. आता कारखान्याची माणसं बसस्टँडवर पाट्या घेऊन उभी राहतात. पगार वाढवला, खोल्यांना एसी लावले, तरी वेल्डिंगला कोणी येत नाही. जी थोडी पोरं आहेत ती कॉलेज शिकलेली. ती स्कूटरवरून लोकांना जेवण पोचवतील, पण हातात वेल्डिंगची काडी धरणार नाहीत. त्याची मुलगीही शिकली आणि दरवर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसते. जागा थोड्या, बसणारे ढीगभर.

"म्हंजे तिकडं पन सगळ्यांना कलेक्टरच व्हायचंय," मुलगा म्हणाला. फोनने ते चिनीत सांगितलं आणि शिफू पहिल्यांदाच हसला.

त्याचं निवृत्तीचं वय साठ होतं. ते जवळ आलं तर सरकारने थोडं थोडं करून पुढे ढकलायला सुरुवात केली. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात होती, पन्नाशीला घरी बसली. कारखान्याने तिला परत बोलावून घेतलं, कारण मशीनवर बसायला नवी मुलगी मिळेना. माझ्या बायकोने विचारलं, "आनी नातवंडं?" फोनमधली बाई म्हणाली, मुलगी सांगते की ती लग्न करणार नाही. बायकोने चक् केलं आणि त्याच्या ताटात आणखी एक निवटी वाढली.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पाळी करून आलो होतो, मान धरली होती, आणि दुसऱ्या देशात पोरं जन्माला येत नाहीत याचं मी काय करणार होतो? मी हात धुतले आणि आडवा झालो.

चार दिवसांनी नवी क्रेन धक्क्यावर उतरली आणि मी तिच्याखाली उभं राहून, बऱ्याच वर्षांनी, मान वर करून बघितलं. केबिन नव्हती. लांब दांड्याखाली जिथे केबिन लटकते तिथे नुसते कॅमेरे. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना गोळा करून सांगितलं की ऑपरेटर आता मागच्या इमारतीत, एसीमध्ये, पडद्यासमोर बसणार. बरंचसं काम क्रेन आपलं आपणच करणार, माणसाने फक्त शेवटी हात लावायचा. एक माणूस एकीपेक्षा जास्त क्रेन बघणार. जुन्या क्रेन एकेक करून बंद होणार. जोडीदार माझ्या कानात म्हणाला, "म्हंजे आपन पन एकेक करून बंद."

घरी येऊन मी शिफूला विचारलं, अशी का बनवली? तो चहा पीत होता. फोनमधली बाई म्हणाली, आमच्या बंदरांवर वर चढून बसायला माणूस मिळत नाही, म्हणून अशी बनवली. मी म्हटलं, आमच्याकडे मिळतो. फोनने तेही इमानदारीने चिनीत सांगितलं. शिफूने ओटीवर बसलेल्या माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा एका पंपाची वायंडिंग करत होता, तांब्याची तार एकेक फेरा करत बसवत होता. शिफू उठला, गुडघ्यावर हात ठेवून त्याच्या शेजारी बसला, वायंडिंगवरून बोट फिरवलं आणि अंगठा दाखवला. मग फोनमध्ये बोलला. बाई म्हणाली, असा मुलगा मला पाहिजे होता.

माझी बायको चेष्टा करणारी नाही. ती तिथल्या तिथे म्हणाली, "मग घेऊन जावा की. पासपोर्ट काढतो त्याचा."

शिफूने फोन पुन्हा तोंडाशी धरला. मग बोलला तो थोडकंच. बाई म्हणाली, आमच्याकडे बाहेरचे कामगार घेत नाहीत. मशीन घेतो.

मुलाने तारेचा पुढचा फेरा घातला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तिथे मला काही दिसलं नाही. माझंच पोर ते, असेल माझ्यासारखं.

नव्या क्रेनची पूजा आम्ही ऑपरेटर मंडळी करतो, ही आमची पद्धत. जुन्या क्रेनला केबिनमध्ये जाऊन खुर्चीला आणि हँडलला हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि खाली चाकापाशी नारळ फोडायचा. हिला खुर्चीच नाही, मग हळदकुंकू लावायचं कशाला, यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी जोडीदाराने फिरून शोध लावला. चारी पायांशी, चाकांच्या वर, काळ्या काचेचे गोल डबे बसवलेले होते. तो म्हणाला, "हे बग. डोलं इकरं हायेत तिचं." डोळे आहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आम्ही चारी डब्यांच्या काचेवर व्यवस्थित हळदकुंकू लावलं, वरून झेंडूचे भरगच्च हार सोडले, नारळ फोडले, खोबरं वाटलं आणि घरी गेलो.

सकाळी चाचणी होती. मोठे साहेब आले होते, फोटोवालाही होता. बटण दाबलं, क्रेन हलेना. पुन्हा दाबलं, हलेना. पडद्यावर एकच येत होतं की मार्गात अडथळा आहे. रूळ तर मोकळे. शिफू वर गेला, पॅनेल उघडून बघितले, खाली आला, पुन्हा वर गेला. लिफ्ट सगळीकडे जात नाही, पुढे उभ्या शिड्या आहेत. त्या गुडघ्याने तो शिड्या चढत होता आणि आम्ही खाली उन्हात उभे राहून बघत होतो. खरं सांगायचं तर क्रेन हलत नाही हे बघून आमच्यातल्या कित्येकांना बरंच वाटत होतं. मलाही. त्या दिवसांत बरं वाटलेलं तेवढंच आठवतं.

शेवटी तो थकून खाली आला आणि चाकापाशी टेकला. टेकला तर समोर झेंडूचा हार, हाराखाली हळदकुंकवाने माखलेला काळा डबा. बराच वेळ तो त्याच्याकडे नुसता बघत राहिला. तो डबा म्हणजे खरोखरच तिचा डोळा होता. वाटेत माणूस किंवा गाडी आली तर त्यातून तिला कळतं. आम्ही चारी डोळे बुजवून टाकले होते. मोठे साहेब जे बोलायचं ते बोलले. शिफूने रुमाल थुंकीने ओला करून चारी काचा पुसल्या, हार उचलून जोडीदाराच्या हातात दिले, मग खिशातून खडू काढला आणि क्रेनच्या पायावर, डोळ्यांपासून लांब, एक चौकोन आखला. फोनमधली बाई म्हणाली, पूजा इथे करा. आमच्याकडेही क्रेन निघताना लाल कापड बांधतात आणि फटाके लावतात. मग शिफूने बटण दाबायला सांगितलं आणि क्रेन चालायला लागली.

पडद्यासमोरच्या खुर्च्यांसाठी परीक्षा लागली. जुन्या ऑपरेटरना बसता येणार होतं आणि गावातल्या कोर्स केलेल्या पोरांनाही. खुर्च्या आमच्या सगळ्यांना पुरण्यासारख्या नव्हत्या. घरात मीही अर्ज भरला आणि मुलानेही. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. मला खात्री होती की तोच लागेल. लहानपणापासून मोबाईलवर गेम खेळलेलं पोर, बोटं चपळ, डोळे तरणे, मान सरळ. माझी दोन बोटं बधिर. मी आपला अर्ज भरला तो जोडीदार भरतोय म्हणून. परीक्षेच्या दिवशी बाप-लेक एकाच मोटरसायकलवर गेलो. त्याच्या पायात ते काळे बूट होते.

निकाल लागायच्या आधीच शिफू गेला. जाताना जिन्यावर बसून बूट घालत होता. मी विचारलं, आता आराम? बाई म्हणाली, पुढच्या क्रेन आल्या की मलाच यावं लागेल, दुसरं कोण आहे? बायकोने त्याला सुकवलेल्या निवट्या बांधून दिल्या. त्याने पिशवीचा वास घेतला आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

निकालात माझं नाव होतं. मुलाचं प्रतीक्षायादीत, खाली. जोडीदाराचं कुठेच नव्हतं. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, माझ्या जागी माझ्या मुलाला घ्या, मी सोडतो. माणूस सज्जन होता, त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, हात तुमचे मुरलेले आहेत, म्हणून तुम्हाला घेतलं. आणि तुम्ही सोडलीत तर ती खुर्ची कुणालाच जाणार नाही, एक कमी होईल. तशाही कमीच करायच्या आहेत. मी पाणी प्यायलो आणि घरी आलो.

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्या शिफूच्या मागं कोनी न्हाय म्हनून तो चढतोय. तुमच्या मागं हाय, तरी तुमीच." तिने हे टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. डाळ शिजत आली होती, तिने गॅस बारीक केला. मी मुलाला शोधत वर गेलो. तो रिकाम्या मजल्यावर फरशी पुसत होता. म्हणाला, "बाबा, एजंटला फोन कर, हितं दुसरं भाडेकरू बघायला लागंल." मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. हे नक्की वाटलं, बधिर वगैरे काही नव्हतं. पण त्याच्या हातात फडकं होतं आणि मी दारातच उभा राहिलो.

नव्या जागी जायच्या सकाळी कळलं की तिथे पुढे लोखंड घातलेले सेफ्टी बूट चालत नाहीत, खाली गालिचा आहे. माझ्याकडे दुसऱ्या चपलाच होत्या. मुलगा आत गेला, कपाटावरून खोकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "घाल. आपला नंबर एकच हाय." मी घातले. खरंच एकच होता. त्याने वाकून एक नाडी घट्ट केली आणि मोटरसायकलवरून मला गेटपाशी सोडलं. "डबा घेतलास का?" एवढं विचारून तो वळला.

खोली थंड होती. समोर पडदे, शेजारी माझ्या मुलाच्या वयाची सुपरवायझर मुलगी. क्रेन आपली आपण जहाजावर गेली, सांगाडा आपला आपण खाली उतरला आणि कंटेनरच्या जरा वर येऊन थांबला. आता माझं काम. मी हँडल धरलं आणि सवयीने मान खाली घातली, दोन पायांच्या मधे.

तिथे काच नव्हती. जहाज नव्हतं. गालिच्यावर माझ्या पोराचे बूट होते आणि त्यांत माझे पाय होते.

"काका, वर बघा," ती मुलगी म्हणाली. "स्क्रीन समोर आहे."

मला ऐकू आलं होतं. पण मान काही लगेच वर आली नाही.